सात डावे हात

कशेळ्याच्या शाळेच्या खोलीत सात पुरुष, तीन बायका आणि एक मास्तर होते. एक फळा, भिंतीवर एक घड्याळ. खिडक्यांना गज, दार एकच. हवालदार धुमाळांनी सगळं दोनदा मोजलं आणि दारातच स्टूल टाकून ते बसले.

खबर पक्की होती. गेल्या साली जंगल सत्याग्रहात फरारी झालेला गजा आज या मोठ्यांच्या वर्गात असणार. चौकीतल्या कोणी त्याला पाहिलेलं नव्हतं. कागदावर एवढंच होतं: वय पंचवीस, लिहिता-वाचता येतं, डाव्या तर्जनीवर विळ्याचा वण. आज तो मिळाला नाही तर बाहीवरची पट्टी उतरेल, असं फौजदारानं धुमाळांना बजावलं होतं.

"बाप्यांनो, डावे हात पुढं करा."

सात हात पुढे आले. सातही तर्जन्यांवर वण होता.

"अवो हवालदार," येसूबाई म्हणाली, "इळा डाव्या हातालाच लागतो. उजव्यात तो धरत्यात."

बायका पदराआड हसल्या. मास्तर हसले नाहीत. मास्तर तरुण होते, कोट अंगाला जरा ढगळ. डाव्या हातात फळा पुसायचं फडकं होतं.

"हवालदारसाहेब, आज वर्गाचा पहिलाच दिवस," ते म्हणाले. "यांची तोंडं उघडावीत म्हणून एक खेळ घेतोय. तुमच्याही कामाचा आहे."

"कसला खेळ?"

"एकानं फरारी व्हायचं आणि बाहेर जाऊन लपायचं. बाकीच्यांनी एकेक करून सांगायचं, त्याच्या जागी मी कुठं लपलो असतो. ज्यानं खरंच रानात दिवस काढलेत, त्याचं उत्तर वेगळं येईल. तुम्ही नुसते कान द्या."

हे आपल्याला सुचायला हवं होतं, असं धुमाळांना वाटलं.

"पण फरारी कोण व्हनार? यातला एकबी दाराभाईर जानार नाय. हितनं रान पाऊण तासावर हाय."

"मग मीच होतो," मास्तर म्हणाले.

धुमाळांनी स्टूल सरकवून वाट दिली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

खेळ रंगला. धुमाळ प्रत्येकाला उलटसुलट विचारत होते आणि वहीत टिपून घेत होते.

"करवंदीच्या जाळीत," जैतू पुटपुटला.

"किती दिस?"

"कुत्रं येईस्तवर."

"मी सासुरवाडीला जाईन," पोशा म्हणाला. "तितं मला कुनी इचारीत नाय."

"मी लपनारच नाय," येसूबाई म्हणाली. "पोलिसाच्या म्होरंच उबी राहीन. त्याचं ध्यान लांब असतंय."

धुमाळांनी ते टिपलं नाही.

मग हिरूची पाळी आली. तो सावकाश, सविस्तर बोलला. झऱ्यावरची कपार, आत दोघांपुरती जागा, ओलं लाकूड जाळायचं नाही, पाणी पहाटेच भरायचं. धुमाळांनी वही मिटली आणि बेडी काढली.

"गजा, ऊठ."

"मी हिरू हाय, हवालदार. इचारा कुनालाबी."

दारात घामाघूम झालेला एक चष्मेवाला माणूस उभा होता. हातात ट्रंक.

"माफ करा. कर्जतला बैलगाडी मिळेना. मी सोमण, या वर्गाचा मास्तर. वर्ग कोणी सुरू केला?"

धुमाळांनी घड्याळाकडे पाहिलं. पन्नास मिनिटं झाली होती.