दात उमटलेलं इंजिन

वडिलांच्या सामानाच्या वाटणीत थोरल्याने मोठं घड्याळ पटकावलं आणि पत्र्याचं खेळण्यातलं इंजिन धाकट्याच्या गळ्यात मारलं. घड्याळ महिन्याभरातच बंद पडलं. इंजिन मात्र धाकट्याने एका व्यापाऱ्यामार्फत परदेशात चढ्या भावाने विकलं, आणि थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझं इंजिन ते! धुराड्यावर अजून माझ्या दुधाच्या दातांच्या खुणा आहेत," तो बायकोपुढे धुमसत राहिला.

"दादा, वर तिकडची कस्टम ड्यूटीसुद्धा घेणाऱ्यानेच भरली," धाकट्याने फोनवर सांगितलं.

"पत्र्याच्या डबड्यावर ड्यूटी भरणारं खुळं कुणाच्या पोटी जन्मलं असेल, देव जाणे!" थोरला फणकारला.

त्याच्या वाढदिवसाला परदेशातल्या लेकीचं पार्सल आलं. इकडचीही ड्यूटी भरल्याशिवाय कुरिअरवाला ते हातात देईना. कुरकुरत पैसे भरून त्याने खोकं उघडलं. वरच चिठ्ठी होती: "बाबा, तुम्ही सांगायचात ना, अगदी तसलंच इंजिन मिळालं!"



बायको धुराड्यावरच्या खुणा निरखत म्हणाली, "घ्या, कळलं एकदाचं, ते खुळं कुणाच्या पोटी जन्मलंय!"