चौथ्या लेनची गादी

हिरामात्सुसान ब्याऐंशीचे झाले, तरी धावण्याच्या शर्यतीत कुसानोला त्यांनी एकदाही हरवलं नव्हतं. यंदा पानगळीत कुसानोच गेला. ओसाकाच्या बंदिस्त क्रीडागृहात आज त्याची चौथी लेन, क्लबच्या रिवाजाप्रमाणे, रिकामी सोडली होती. “आता तरी जिंका हो!” क्लबातल्या फुमिएबाईंनी डिवचलं. “तुमच्या पुढे पळायला उरलंय कोण?” सुरुवातीच्या पिस्तुलाचा बार झाला. हिरामात्सुसान जीव खाऊन धावले. साठ मीटरची रेघ ओलांडली की थांबायला जागा नसते. समोरच्या भिंतीवरच्या जाड गादीवर आदळायचं. ते आदळणार, इतक्यात शेजारून धप्पकन आवाज आला, नेहमीसारखा, त्यांच्या आधी. त्यांनी मान वळवली. चौथ्या लेनसमोरच्या गादीत पडलेले दोन तळहातांचे खळगे सावकाश भरून येत होते. फलकावर पहिलं नाव त्यांचंच होतं, टाळ्या वाजल्या. हिरामात्सुसान त्या गादीपुढे कमरेत वाकले आणि पदक घ्यायला दुसऱ्या क्रमांकाच्या पायरीवर उभे राहिले.