तात्पुरता पडदा

दसऱ्याच्या सकाळी दुकानदार बागवे नवा हवापडदा घेऊन दारात आले, तेव्हा वासंतीबाई चहा ठेवत होत्या.

चार महिन्यांपूर्वी बागव्यांनीच त्यांना थांबवलं होतं. "वहिनी, आत्ता घेऊ नका. दसऱ्याला नवं मॉडेल येतंय. घरात कुठंही बसा, हवेत चित्र समोर, आणि ज्याला त्याला आपापला कार्यक्रम. तोवर माझा हा जुना सेट वापरा."

जुन्या सेटमध्ये एक खोट होती. हवेतलं चित्र फक्त दिवाणाच्या मधोमध बसलं तरच दिसायचं. जरा बाजूला सरकलं की नुसतं धुकं. निरंजननं बँकेतली नोकरी सोडल्यापासून वासंतीबाईंचे यजमान भालचंद्रराव वर्षभर मुलाशी बोलले नव्हते. पहिल्या सामन्याला ते नाइलाजानं त्याला खेटून बसले. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "सरक की रे जरा." परवा तर त्याच्या खांद्यावर डोकं टेकून चक्क घोरले, आणि सामना संपल्यावरही निरंजन तासभर हलला नाही.

"कुठं बसवू, वहिनी?" बागव्यांनी खोकं खाली ठेवत विचारलं.

दिवाणावर बापलेक दाटीवाटीनं बसून एका सुरात पंचाला शिव्या घालत होते. वासंतीबाईंनी चहाचा पहिला कप बागव्यांच्या हातात दिला.

"तुमचे फार उपकार झाले, भावजी. पुढच्या वर्षी याहून चांगलं मॉडेल येईल ना?"

"येतंच की दरवर्षी."

"मग आम्ही थांबतो."