चौदावी टाकी

चौदावी टाकी नीट आंबली, तर केदारला काचेची केबिन मिळणार होती आणि पेटंटवर पहिलं नाव. बसली, म्हणजे आंबणं मध्येच थांबलं, तर प्रयोगशाळेलाच कुलूप. म्हणून वागळे इस्टेटमधल्या त्या टाकीसमोर तो तासातासाला येऊन उभा राहायचा, मीटरवरचा आकडा बघायचा आणि नखं खायचा.

टाकीत जिवाणू होते. पनीर टिकवणारा पदार्थ ते तयार करायचे, रसायनाशिवाय. त्यांचा खुराक बदलून केदारने त्या पदार्थाचा उतारा दुप्पट केलेला. पण मागच्या सहा टाक्या तिसऱ्याच दिवशी बसल्या. कारण सापडलं होतं. घरच्या दह्यात या जिवाणूंना खाणारा विषाणू असतो, तो हातांना, कपड्यांना चिकटून येतो. केदारने फतवा काढला: इथे काम करणाऱ्या कुणाच्याही घरी दही लावायचं नाही. स्वतःच्या माजिवड्याच्या घरीही त्याने तेच बजावलं. तरी टाक्या बसतच राहिल्या. म्हणजे कुणीतरी खोटं बोलत होतं. आणि खोटं बोलणारा नेहमी आपल्याहून कमी पगाराचाच असतो, अशी साहेबलोकांची समजूत असते.

टाक्या भरायला योगिनी होती. दिव्याहून लोकलने यायची.

"घरी दही लावतेस ना? खरं सांग."

"सर, आमच्याकडे पाण्याची बोंब आणि चहालाच दूध पुरत नाही. विरजायला कुठून उरणार?"

उत्तर जरा जास्तच चोख होतं. महिनाअखेरीला तिला काढलं.

मग चौदावी. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशीही केदार कॅन्टीनची उसळच जेवला. त्याची आई मालनताई पंधरा दिवस गावी खेडला गेलेल्या, त्यामुळे घरचा डबा बंद होता. संध्याकाळी आकडा हलला. वर. आणि वरच जात राहिला. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली.

"एक माणूस गेला आणि काम झालं," केदार म्हणाला. त्याला ते पटलंसुद्धा.

रविवारी मालनताई परतल्या. सोमवारी डबा भरताना म्हणाल्या, "पोट नाही ना रे बिघडलं? इतके दिवस माझी चटणी नाही."

"चटणीचं काय एवढं?"

"अरे, कच्चं दही असतं तिच्यात, दोन चमचे. तुला आपला लिंबाचा आंबटपणा वाटायचा. दही घातलं की संध्याकाळपर्यंत विटत नाही ती. माझ्या सासूबाईंचं विरजण आहे, तुझ्या फतव्यासाठी खंड पाडू? गावीसुद्धा बरोबर नेलेलं."

केदारने डबा ओट्यावरच ठेवला. नव्या केबिनमध्ये बसून त्याने योगिनीचा नंबर काढला आणि फोन पालथा ठेवला.

त्याला केबिन मिळाली, कंपनीला टाकी, मालनताईंचं विरजण शाबूत राहिलं. दिव्याला योगिनीच्या घरी आता चहाही कोराच होतो.