अंगणातला वास

ओतिलियाबाई वर्षभर सांगत होत्या, "मागच्या अंगणात गॅसचा वास येतोय गं." अंगणात बसायच्या त्या एकट्याच. "वासबिस काही नाही आई, वय झालंय तुझं," एवढं म्हणून मुलगी नोएमी तव्यावरची तोर्तिया उलटायची. शेवटी आईचं डोकं फिरलंय असं घरात सगळ्यांनी ठरवलं आणि त्यांना चर्चच्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं.

गेल्या आठवड्यात नवी शेगडी जोडायला गॅसवाला एव्हारिस्तो आला. गच्चीवरच्या गॅसच्या टाकीपासून भिंतीवरून उतरणाऱ्या तांब्याच्या नळीला त्याने साबणाचं पाणी लावलं, तर अंगणातल्या जोडावर भराभरा बुडबुडे आले. त्याने नवा जोड बसवला आणि तडकलेला जुना नोएमीच्या हातात दिला.

"ताई, ही चीर आजकालची नाही, पार हिरवी पडलीये. इतके दिवस घरात कुणालाच वास आला नाही?"

नोएमी तशीच आश्रमात गेली. आईचे हात धरून रडली. "चुकलं माझं, आई. सामान भर, घरी चल."

 

ओतिलियाबाईंनी तिचे डोळे पुसले. "नको गं. इथं मी काही म्हटलं, तर निदान उठून बघून तरी येतात."