आठवे अंडे

रविवार, १४ मे २०२३ रोजी सकाळी नऊ वाजता, मध्य जावामधील सालातिगा येथे, वागिमान यांच्या घरामागील बिनखिडकीच्या खोलीत, बॉल पायथन जातीच्या अजगराच्या आठ अंड्यांपैकी पहिल्या अंड्याला कात्री लागली.

कात्री त्यांच्या मुलीच्या, लास्त्रीच्या हातात होती. कातड्यासारख्या कवचाला ती वरून चीर देई, आत पाहून पिल्लाचा रंग सांगे. वडील मागे वेताच्या खुर्चीत बसून ऐकत. काचबिंदूने त्यांची दृष्टी जाऊन सात वर्षे झाली होती. अंडी मात्र मादीने घातली त्याच दिवशी ते स्वतः बोटांनी मोजून ठेवत.

"तपकिरी," लास्त्री म्हणाली. "हेही तपकिरी."

सातही तपकिरीच निघाली.

"आठवं?"

"खराब, बापाक."

तिने ते अंडे पत्र्याच्या डब्यात ठेवले. दरवर्षी एकदोन खराब निघत, आणि तीच ती बाहेर नेऊन पुरून येई. खोलीत नारळाच्या ओल्या भुशाचा वास भरला होता. दुसरा कसलाच वास नव्हता.

सहा वर्षांपूर्वी वागिमान यांनी शब्द दिला होता: या अजगरांच्या जोडीपोटी पहिले कबरे, पांढऱ्या ठिगळांचे पिल्लू निपजेल, त्या वर्षी लास्त्रीचे लग्न. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. गल्लीतल्या बायका हळहळत, की बापाने पोरीला सापांबरोबर पेटीत घालून ठेवले आहे.

दार उघडले. ज्याच्याशी लग्न ठरले होते तो हेन्द्रो, नाकाला रुमाल लावून, उंबऱ्यातच उभा राहिला.

"आत ये नाहीतर बाहेर जा," वागिमान म्हणाले. "ऊब जाते."

तो आत आला, दार लागले.

"यंदा काय, पाक?" वडीलधाऱ्याला तिकडे म्हणतात तसे 'पाक' म्हणत त्याने विचारले.

"सात तपकिरी. एक खराब."

"वा! दर ईदला आई विचारते, सून कुठाय? मी काय सांगू, अंडी उबवतेय म्हणून?" तो लास्त्रीकडे वळला. "तूच बोल ना. यायचंय ना तुला सेमारांगला, आमच्या घरी?"

"बापाक म्हणतील तसं."

वडीलधाऱ्यांसमोर याहून वेगळे उत्तर तेथे कोणतीच मुलगी देत नसे.

"आणि तिकडे हे साप-बिप नाहीत हं. आई चक्कर येऊन पडेल. दुकानात पंख्याखाली बसायचं, गिऱ्हाइकाला कापड फाडून द्यायचं. राणीसारखं!"

"बरं," लास्त्री म्हणाली, आणि कात्री पुसू लागली. ती बराच वेळ पुसत राहिली.

हेन्द्रोने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "गेल्या खेपेला मी नर-मादी दोघांची कात मागून नेली होती. काय, शोभेला नेली होती? हा प्रयोगशाळेचा कागद. नरात कबरेपणाचा गुण दडलेला आहे, मादीतही आहे. म्हणजे चारात एक पिल्लू कबरं निघायला हवं. मागची चौतीस आणि आजची सात, त्यात एकही नाही? असं लाखात एकदा घडतं, पाक! तिकडे सुराबायाचे व्यापारी तीन वर्षं सालातिगाची म्हणून कबरी पिल्लं विकतायत. कुणाची ती?"

"मला काय ठाऊक?"

"तुम्हीच लपवता. पोरगी गेली तर या पेट्या कोण घासणार, म्हणून!"

"अरे वेड्या, आंधळ्या माणसाला रंग लपवता येतो होय?"

वागिमान मोठ्याने हसले. आणि हसता हसता मध्येच थांबले.

त्यांनी मान लास्त्रीच्या दिशेने वळवली.

"न्दुक," ते मुलीला म्हणाले, "तो डबा दे."

"खराब आहे, बापाक. हात भरतील."

"भरू देत. दे पोरी."

तिने डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी झाकण उघडून वाकून वास घेतला, आणि चिरेतून बोट आत घातले. आत काहीतरी आकसले, मग हळूच पुढे आले आणि इवलेसे डोके बोटाच्या टोकाला टेकले. रंग काही बोटाला कळत नाही. लास्त्रीचा श्वासही ऐकू येत नव्हता.

वागिमान यांनी बोट काढले, झाकण घट्ट बसवले आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"काय आहे त्यात?" हेन्द्रोने विचारले.

"पार नासलंय. बघतोस?"

हेन्द्रोने रुमाल आणखी दाबून धरला आणि तो दाराशी सरकला.

"हेन्द्रो," वागिमान म्हणाले, "या घरात कबरं निपजायचं नाही. तू दुसरी मुलगी बघ."