निळी रेघ

"घालून तरी बघा वहिनी, मग नको म्हणा," असं म्हणत आधीच्या भाडेकरूने पिशवीतून हेडसेट काढला आणि टीपॉयवर ठेवला.

तिला तो घालायचा नव्हता. विकत घ्यायचा तर मुळीच नव्हता. नवरा मात्र कित्येक दिवस असा व्हीआर हेडसेट घेण्याच्या मागे लागला होता. डोळ्यांवर चढवायचा, दोन हातांत दोन कंट्रोलर धरायचे आणि भोवती दिसणाऱ्या खेळात घरबसल्या तलवारी चालवायच्या. हे अगदी नवशिक्यांसाठीचं, साधं मॉडेल होतं. त्यात विकणारा ओळखीचा निघाला. हे घर सोडून त्याला वर्ष झालं होतं, तरी त्याची पत्रं अजून इथेच येत आणि ती न्यायला तो कधीमधी येई. आत या म्हटलं तरी दारातूनच परत जाई. आज पहिल्यांदाच आत येऊन बसला होता.

तिचं म्हणणं एवढंच होतं की, ज्या घरात उघड्या डोळ्यांनी बसायची भीती वाटते तिथे डोळे झाकून कशाला बसायचं. ती पडद्यांच्या दुकानात कापड बेतायची, नवरा पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होता. दोघंही सकाळी बाहेर पडत. आणि मधूनच एखाद्या संध्याकाळी ती परतली की टीपॉय खिडकीशी सरकलेला असे. गालिच्याची कड दुमडलेली असे. बंद घरात कुणाच्या तरी घामाचा वास असे. नवरा म्हणे, चोर येतो, काही नेत नाही, टीपॉय तेवढा सरकवून जातो, भलताच सभ्य चोर आहे. आधी अशी थट्टा झाली. मग काळजी झाली. मग डॉक्टर झाले. आता रोज सकाळी तो तिच्या तळहातावर गोळी ठेवी आणि ती गिळेपर्यंत समोर उभा राही. प्रेमानेच. दाराचं कुलूप बदलू या, असं ती राहायला आल्यापासून सांगत होती, पण ते राहूनच गेलं. हल्ली तिला स्वतःचीच शंका येऊ लागली होती, आणि त्याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

हेडसेटने तिचं मन रमेल असं नवऱ्याचं मत होतं. डॉक्टरांचंही तेच असणार, असं त्याने डॉक्टरांना न विचारताच ठरवून टाकलं होतं.

भाडेकरू मोकळेपणाने बोलत होता. नव्या खोलीत हात पसरले की भिंतच लागते, म्हणून विकायचा. असा ऐसपैस हॉल पुन्हा काही मिळाला नाही. हा इथे असला की बरं, मीही येत जाईन अधूनमधून खेळायला, असंही म्हणाला. नवरा हसला. ती हसली नाही.

एकदाचं संपवावं म्हणून तिने हेडसेट डोक्यावर चढवला. मागचा पट्टा नवऱ्याने आवळून दिला. आधी नुसता काळोख होता. मग हेडसेटवरच्या कॅमेऱ्यांतून समोर तिचाच हॉल उमटला, करड्या रंगाचा, दाणेदार. भाडेकरूने आधीच सांगून ठेवलं होतं की, नव्या जागेत हा जमिनीवर रेघ आखायला लावतो. कंट्रोलर खाली रोखून मोकळ्या जागेभोवती रेघ आखायची, म्हणजे खेळण्याच्या भरात माणूस सामानावर आपटत नाही.

हेडसेटने काहीच आखायला लावलं नाही. जमिनीवर एक निळी रेघ आपोआप उजळली.

"इथे रेघ आहे," ती म्हणाली. "आधीच आखलेली."

मग भाडेकरूने सांगितलं की, तो इथेच राहायचा ना, तेव्हाची असेल. एकदा आखलेली रेघ हा विसरत नाही, जागा ओळखली की पुन्हा दाखवतो. नवऱ्याला ते लगेच पटलं. तिलाही पटलं. आपण उगाच घाबरलो याची तिला लाज वाटली. आता काढावा म्हणून तिने पट्ट्याला हात लावला, पण कापड कुठे वाकडं गेलंय ते बघायची तिच्या डोळ्यांना खोडच होती. सवयीने तिची नजर रेघेवरून फिरत गेली.

टीपॉय हॉलच्या मधोमध होता, रेघेच्या ऐन आत, जणू तो तिथे नसतोच. खिडकीशी मात्र रेघेने बरोबर टीपॉयएवढी जागा सोडली होती. पुढे रेघ भिंतीलगत सरळ गेली आणि कोपऱ्यात आत वळली. तिथे तिचं कापड बेतायचं टेबल होतं. गेल्या महिन्यातच तिने ते सुताराकडून करून घेतलं होतं, आणि येता-जाता कमरेला लागू नये म्हणून त्याचा एक कोपरा गोल करायला लावला होता. रेघ टेबलाच्या कडेकडेने गेली आणि त्या कोपऱ्याशी तशीच गोल वळली.

करड्या हॉलमध्ये खुर्चीच्या टोकावर बसून भाडेकरू तिच्याकडेच बघत होता.

ती ओरडली नाही. हेडसेट काढून तिने तो नवऱ्याच्या डोक्यावर चढवला, त्याचे खांदे धरून त्याला कोपऱ्याकडे वळवलं आणि फक्त टेबलाची कड बघायला सांगितलं. तो बघत राहिला. टेबल कधी आलं हे त्याला माहीत होतं. सुताराबरोबर उचलून आत आणायला तोच होता. त्याचं हसू हळूहळू मावळलं, तरी दुसरं एखादं कारण सापडतंय का म्हणून तो बराच वेळ शोधत होता.

"आम्ही घेतोय हा," ती भाडेकरूला म्हणाली. "आता हा या घराबाहेर जायचा नाही. आणि निघताना आमची किल्ली टीपॉयवर ठेवून जा."

कसली किल्ली, असं भाडेकरूने विचारलं नाही. त्याचा हात मात्र आपसूक खिशाकडे गेला, आणि तिच्या बोलण्यासरशी वळलेल्या नवऱ्याने हेडसेटमधून ते पाहिलं.